घाटाखालच्या टाक्यातलं पाणी

घाटात पक्का रस्ता नव्हता, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी खडकात कोरलेलं एक टाकं होतं. वरच्या उतारावरून झिरपणारं पाणी त्यात साठे. भर उन्हाळ्यात आसपास कोसन्‌कोस दुसरं पाणी नव्हतं.

टाक्याच्या वरच्या अंगाला गाडीवानांचा तळ होता. चढाला लागण्याआधी प्रत्येक जण तिथे चाकं काढी, कण्यावरचं जुनं काळं वंगण खरवडून फेकी आणि नवं भरी. बापजाद्यांपासूनची रीत ती. फेकलेलं वंगण पुढे जातं कुठे, हे कुणी विचारलं नाही. फेकलेल्या वस्तूची चौकशी कोण करतो?

त्यांच्यात एक गाडीवान भारी ऐटबाज होता. आपल्या गाडीचं चाक कधी कुरकुरत नाही, याची त्याला केवढी घमेंड! वंगणात तो करंजाचं तेल घाली. दुसरं कुणी ते घालत नसे. खरं तर त्याच्या चाकाच्या तुंब्यातलं, म्हणजे मधल्या लाकडी गाभ्यातलं, लोखंडी कडं झिजलं होतं आणि ओतलेलं तेल वाटभर ठिबकत होतं. सुताराने त्याला बजावलं होतं, की आधी कडं बदलून घे. पुढच्या हंगामात बघू, तोवर तेल जास्त घालतो, असं म्हणून स्वारी मोकळी झाली.

एका वैशाखात तो माल भरून तळावर आला. नेहमीसारखं वंगण खरवडलं, फेकलं, नवं ओतलं. मग बैलांना घेऊन टाक्यावर उतरला. धाकट्या बैलाने पाण्याला तोंड लावलं आणि झटक्यात मान वर केली. थोरल्याने नुसता वास घेतला आणि तो मागे सरला. पाण्यावर काळपट तवंग पसरला होता.

बैल सकाळपासून तहानलेले. थोरल्याची कूस धपापत होती, तोंडाला फेस आला होता. गाडीवानाने हाताने तवंग बाजूला सारला, तो पुन्हा जवळ आला. पुन्हा सारला, पुन्हा आला. कुणी मेल्याने घाण केली ही, असं तो बडबडत होता.

"पी की रं बाबा थोडं," त्याने थोरल्याला विनवलं.

तेव्हा थोरला बैल बोलला. त्या काळी बैल बोलत, पण अगदीच नाइलाज झाला तर.

"कसं पिऊ धनी? ह्या पान्याला आपल्याच चाकाचा वास येतोय."

गाडीवानाने ओला तळवा नाकाशी नेला. करंजाचा कडवट वास. त्याने वर पाहिलं. तळापासून टाक्यापर्यंत उतारभर काळे ओघळ आले होते. ओघळ सगळ्यांचेच होते, पण आता शिव्या द्यायला त्याची जीभ उचलेना.

बैलांना झाडाखाली बांधून, घागर घेऊन तो आला त्या वाटेने मागच्या गावच्या विहिरीकडे धावत सुटला. कोसाकोसाला मागे वळून पाही. ऊन कलताना तो भरली घागर घेऊन परतला, तेव्हा थोरला आडवा झाला होता. गाडीवानाने त्याच्या तोंडात पाणी सोडलं. ते तसंच बाहेर ओघळलं. उरलेलं धाकटा प्याला आणि जगला.

गाडीवान खूप रडला. मग त्याने माल तिथेच उतरवला, उतारावरचं वंगण खरवडून मडक्यात भरलं आणि रिकामी गाडी सुताराकडे वळवली. जुवाखाली एका बाजूला धाकटा बैल होता, दुसऱ्या बाजूला त्याचा स्वतःचा खांदा. वाटेत भेटलेला प्रत्येक गाडीवान थांबून विचारी, थोरला कुठे आहे? प्रत्येकाला त्याला सगळं सांगावं लागलं.

तात्पर्य: गाडी कोणतीही असो, तिची गळती वेळेवर थांबवावी आणि तिचं जुनं तेल पाण्याच्या वाटेवर कधीही टाकू नये.