ठिपकूची दुसरी वाट

एक होतं कोंबडीचं पिल्लू. नाव त्याचं ठिपकू.

आई गेली पुढे. ठिपकू बसलं किडे टिपत. मान वर केली, तर आई पलीकडे! आणि मधली वाट बंद!

वाटेवर दोरी. दोरीमागे खड्डा. हा एवढा! तिथे पाण्याचा नवा पाइप बसत होता.

"कॉक कॉक!" पलीकडून आई ओरडली.

"चीं चीं! थांब गं आई!"

ठिपकू निघालं. तुरु तुरु, तुरु तुरु.

"दोरीताई, वाट दे की!"

"नाही देणार. खड्ड्यात पडशील, धप्! दुसरी वाट पाटीला विचार."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"आई पलीकडे, वाट बंद.
दोरी सोडेना.
पाटीताई, दुसरी वाट दाखव की!"

"कशी दाखवू? मी पडलेय उताणी. माझ्या बाणावर डबा ठेवलाय! डबा हलला तर उठेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"आई पलीकडे, वाट बंद.
दोरी सोडेना,
पाटी उठेना.
डबेदादा, हल की!"

"छट्! पोटात भाकरी आहे. शेवंतामावशी जेवली तर हलेन."

शेवंतामावशी खड्डा खणणारी. बसली होती गाल फुगवून.

"आई पलीकडे, वाट बंद.
दोरी सोडेना,
पाटी उठेना,
डबा हलेना.
मावशी, जेव की!"

"कांद्याशिवाय? हॅट्! मेला गडगडत गेला कुठे? कांदा आला तर जेवेन."

कांदा लपला होता वाळूच्या ढिगामागे.

"आई पलीकडे, वाट बंद.
दोरी सोडेना,
पाटी उठेना,
डबा हलेना,
मावशी जेवेना.
कांदोबा, चल की!"

"एकटा? नको रे बाबा! मावशी बुक्की मारते. मीठ सोबत आलं तर येईन."

मीठ होतं पुरचुंडीत.

"आई पलीकडे, वाट बंद.
दोरी सोडेना,
पाटी उठेना,
डबा हलेना,
मावशी जेवेना,
कांदा येईना.
मीठराव, चला की!"

"कसा येऊ? फडक्याला गाठ मारलीये. गाठ सुटली तर येईन."

आता कुणाला विचारायचं? ठिपकूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नाही!

"अरेच्चा! चोच तर माझ्याकडेच आहे!"

टक् टक् टक्! गाठ सुटली.

मीठ आलं, भुरुभुरु.
कांदा आला, गडगड.
मावशीने मारली बुक्की, फाट्!
मावशी जेवली, मचमच.
डबा हलला, खडखड.
पाटी उठली, ताडकन!

आणि बाण दिसला. लिंबाला वळसा घाला, फळीवरून पलीकडे चला!

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "वाट बंद केली, अन् दुसरी दाखवलीच नाही! चुकलं रे ठिपकू."

मावशीने पाटी दोरीशेजारी घट्ट रोवली. मग ती खाली वाकली. खडूने पाटीच्या पायाशी काढला अजून एक बाण. पिटुकला. अगदी ठिपकूएवढा.

ठिपकू निघालं. तुरु तुरु, तुरु तुरु. लिंबाला वळसा. फळीवरून टुणकन. शिरलं आईच्या पंखाखाली.

मागून आली एक मुंगी. तिने दोरी पाहिली. पिटुकला बाण पाहिला.

आणि कुणालाही न विचारता गेली पलीकडे.