विनाकारण बसू नये

एकदा एक नगराध्यक्ष आपल्या वृद्ध गुरुजींवर भर मांडवात भडकला, आणि त्याला तसे कारणही होते. लहानपणी तो याच गुरुजींच्या हाताखाली शिकला होता, म्हणून नव्या आरोग्य उद्यानाच्या उद्घाटनाचा मान त्याने मोठ्या कौतुकाने त्यांना दिला होता. गुरुजी आले ते झाकलेली बादली घेऊन. फीत कापण्याऐवजी त्यांनी ती बादली पाहुण्यांसमोरच्या लाल गालिच्यावर पालथी केली. कुजलेले, फेसाळलेले गहू पसरले आणि अशी दुर्गंधी सुटली की पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले.

शिष्याने त्यांना दंडाला धरून बाजूला नेले. "गुरुजी, वर्षभर राबलोय मी यासाठी. घरोघरी मधुमेह, रक्तदाब, म्हणून ही व्यायामाची यंत्रं आणली. आणि तुम्ही चारचौघांत माझी शोभा केलीत."

राबला होता हे खरेच. पूर्वी हे नुसते मोकळे पटांगण होते. उन्हाळ्यात आजूबाजूच्या आळ्यांतल्या बायका इथे वाळवणे घालीत आणि राखणीच्या निमित्ताने दिवसभर गप्पा हाणीत. म्हातारे कडेला बसून जगाला नावे ठेवीत. शिष्याला हे सगळे गबाळे वाटे. त्याने कुंपण घातले, फाटकावर पहारेकरी बसवला आणि पाटी लावली : 'येथे वाळवण घालू नये. विनाकारण बसू नये.' आरोग्याच्या नावाने असली पाटी लागते आणि कुणाला तिचा रागही येत नाही, हीच खरी संतापाची गोष्ट आहे.

"गहू कुणाचे, ते विचारलंस?" गुरुजींचा आवाज रागाने कापत होता. "द्वारकाबाईचे. कुरडयांसाठी भिजत घातले होते तिने. दरवर्षी चारजणी मिळून चीक शिजवायच्या, यंदा एकटीच करायला निघाली. तापाने घरात पडली, ती पडूनच राहिली. गहू कुजले, वास सुटला. तेव्हा शेजाऱ्यांनी काय केलं? तुझ्या नगरपालिकेत तक्रार दिली, गटार तुंबलंय म्हणून. सफाईची माणसं आली, त्यांना ती सापडली. काल दवाखान्यात नेलीय. अजून शुद्धीवर नाही."

शिष्याचा चेहरा उतरला. "मला हे कुणी सांगितलं नाही."

"सांगणार कोण, आणि कुठे? पूर्वी उन्हं चढेपर्यंत ती पटांगणात दिसली नाही, तर कुणीतरी हाका मारत तिच्या घरात शिरायचं. डॉक्टरच्या आधी आळीला कळायचं. माणसं विनाकारण बसतात ना, तिथेच एकमेकांची खबर लागते. यंत्रं आणलीस, चांगलं केलंस. पण त्यासाठी बसायची जागा का काढून घेतलीस? हातपाय हलवून रक्तदाब उतरेल एखाद्याचा. तो घरात पडला तर उचलायला कोण येईल?"

"वाचेल ना ती?"

"ते डॉक्टर बघतील. तू पुढच्या द्वारकेचं बघ."

शिष्याला गुरुजींचा राग आला होता, आता शेजाऱ्यांचा आला. कुंपणाबाहेर आळीतल्या बायका उभ्या होत्या. त्यांना आत बोलावलेच नव्हते. तो तावातावाने त्यांच्यासमोर गेला. "द्वारकाबाईच्या शेजारी कोण राहतं? बंद दार दिसलं नाही तुम्हाला?"

एक बाई पुढे आली. "भिंतीला भिंत आहे आमची, साहेब. तक्रार मीच दिली होती. आधी इथं रोज भेटायची ती. यंदा भेट नाही. दार बंद दिसलं, म्हटलं लेकीकडं गेली असंल." मग ती म्हणाली, "दार वाजवायचं सुचलंच नाही बघा."

तिच्यावर ओरडायला शिष्याने तोंड उघडले, पण नजर फाटकावरच्या आपल्याच पाटीवर गेली. मग त्याने हळू विचारले, "दवाखान्यात तिच्याजवळ कोण आहे?"

तिच्याजवळ कुणीच नव्हते.

"चला," तो म्हणाला. पाहुण्यांना मांडवात तसेच सोडून तो त्या बायकांबरोबर दवाखान्याच्या रस्त्याला लागला. त्याचा राग उतरला नव्हता. तो कुणावर काढायचा, एवढे मात्र आता त्याला कळले होते.