अकरा मतं

ढवळेवाडीचा पाण्याचा टँकर निकालाच्या दिवसापासून बंद होता. सहाव्या दिवशी सभापती दौलतराव स्वतः आले आणि पारावर बसून म्हणाले, "वाडीत शंभर टक्के मतदान झालं, पण अकरा मतं माझ्याविरुद्ध गेली. ते अकरा जण उभे राहतील, तेव्हाच पाणी येईल."

कोणी मान वर केली नाही. शेवटी यमुनाक्का उठली.

"सायेब, यादीत चौदा नावं मेलेल्या माणसांची हायेत. माझ्या सासऱ्याला जाऊन पाच वर्सं झाली, त्यांचं बी मत पडलं म्हणं. त्यांच्यातलंच अकरा फिरलं असतील. आमाला जगायला तुमचं पाणी लागतं. तुमच्या इरुद्ध जायची छाती मेलेल्यांचीच."

मेलेल्यांची मतं दौलतरावांच्याच माणसांनी टाकली होती, पण ते चारचौघांत कबूल करायची सोय नव्हती. "लई बोलाया लागलीस, आक्के," एवढंच पुटपुटून ते गाडीत बसले.

दुपारी टँकर आला. खाली बघत सगळे हंडे पुढे सरकवत होते. अकरांतलं एक मत यमुनाक्काचं होतं. बाकीचे दहा जण याच रांगेत होते, पण ते कोण, हे तिला जन्मात कोणाला विचारता येणार नव्हतं.