कोपऱ्यातला खाकी डाग

"…मग पन्नासची लेन्स घेऊ का झूम घेऊ, एवढं तरी सांगा की! एका शब्दाचा प्रश्न आहे. एक शब्द बोलून तुमची दाढी झिजणार आहे काय?"

दिग्विजय उंबऱ्यावर उभा राहून ओरडत होता. खांद्याला कॅमेरा, काखेत फोटोंची गुंडाळी.

आत चटईवर इलाही उस्ताद शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली. एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा त्याच्यापुढे धरला.

"खा."

"मी शेंगा खायला आलेलो नाही."

"मग मी खातो."

आणि खाल्ला.

हा माणूस एकेकाळी मिरजेतल्या निम्म्या लग्नांचे फोटो काढायचा. मग एक दिवस त्यानं स्टुडिओला कुलूप लावलं आणि गावाबाहेर फकिरांच्या तकियात, त्यांच्या जुन्या मठीत, येऊन राहिला. का, ते कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणत, उस्ताद पोचलेला आहे. दिग्विजयचं मत वेगळं होतं. म्हातारा कामचुकार आहे आणि लोक बावळट आहेत.

तरी तो येत होता. दुसरं कोण होतं विचारायला?

इंजिनिअरिंग त्यानं तिसऱ्या वर्षाला सोडलं. सोडलं म्हणजे एका सकाळी बॅग घेऊन घरी आला आणि म्हणाला, मला ते जमत नाही, मला फोटो काढायचेत. बाप जेवत होता. बापानं ताट सरकवलं.

"इंजिनिअर होऊन ये. नाहीतर या दारात येऊ नको."

तो आला नाही. मित्राच्या खोलीवर राहिला, जुना कॅमेरा घेतला. लग्नाचं काम करणारा एक स्टुडिओवाला म्हणाला, कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेल्या त्या खेळण्यातल्या लेन्सवर मी लग्न देत नसतो, बरी लेन्स घेऊन ये, या मोसमात तुला उभा करतो. बरी लेन्स. एकच परवडणार होती. ती चुकली की स्टुडिओ गेला, मोसम गेला, आणि मान खाली घालून त्याच दारात जायचं. बापाचंच खरं ठरायचं.

म्हणून तो विचारत सुटला होता. मोबाइलवरचा एक शहाणा म्हणे, पन्नासचीच घे, एका जागी ठरलेली, जवळ-लांब होत नाही पण धार बघ. दुसरा म्हणे, नवशिक्यानं झूमच घ्यावी. मामा म्हणाला, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. वडीलधाऱ्यांचं एक बरं असतं. उत्तर नसलं की त्यांच्याकडे 'आमची वेळ' असते.

उस्तादांकडे तीही नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी त्याला कोपऱ्यातल्या ज्वारीच्या कणगीपाशी नेलं. कोपरापर्यंत हात आत घातला आणि दाण्यांतून एक लेन्स बाहेर काढली. मग दुसरी. मग आणखी. दिग्विजय पुढे वाकला.

"ज्वारीत? लेन्स ज्वारीत ठेवता तुम्ही?"

"दमट हवा खाते काचेला. ज्वारी दमट हवेला खाते."

"ह्या लेन्सला तर बुरशी आलीय!"

"असू दे. तिलाही घर पाहिजे."

मग त्यांनी सगळ्या लेन्स त्याच्या ओंजळीत ओतल्या. नाव नाही लिहून घेतलं, परत कधी आणशील हे नाही विचारलं.

"ने. तुझ्या कॅमेऱ्याला बसतात. लावून बघ."

"बघतो. समोरच्या भिंतीवर बघतो."

"भिंतीवर?"

"सगळे भिंतीवरच बघतात उस्ताद. विटांच्या रेघा सरळ येतात का, कोपरे धारदार येतात का, तपासायचं असतं."

"लोक भिंतींचे फोटो काढतात?"

"लेन्स तपासायला!"

"आणि तपासून झाल्यावर त्या लेन्सनं काय करतात?"

दिग्विजयनं लेन्स पिशवीत भरल्या. म्हाताऱ्याला काय समजावत बसायचं.

तेव्हापासून तो रोज सकाळी यायचा, तकियाच्या दारात कॅमेऱ्याचं तिकाटणं लावायचा आणि रस्त्यापलीकडच्या जुन्या वखारीच्या भिंतीचे फोटो काढायचा. ऊन तेच, जागा तीच, भिंत तीच, लेन्स बदलती. रात्री मोबाइलवर वीट न् वीट मोठी करून बघायचा. आणि आज ते सगळं कागदावर छापून घेऊन आला होता.

त्यानं गुंडाळी उलगडली. चटईवर भिंतीच भिंती पसरल्या. जागोजागी लाल पेनानं गोल.

"हे बघा. ही तुमची पन्नासची. कोपऱ्यापर्यंत नुसती कापून काढल्यागत वीट. ही झूम. मध्ये बरी आहे, लांब ओढली की जरा ढिली पडते. आणि ही माझी, कॅमेऱ्याबरोबर आलेली." त्यानं तो कागद दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. "कचरा."

"का?"

"कोपरा बघा ना. लापशी झालीय. आणि हा खाकी डाग दिसतोय? त्याच्या कडेला जांभळी रेघ आलीय. स्वस्त काचेचं लक्षण आहे हे."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीही तीच बोंब. हा बघा, डाग. हा बघा, डाग. रोज."

"रोज आहे डाग?"

"रोज! म्हणून तर गोल केलाय."

"पन्नासच्या लेन्समध्ये?"

"नाही ना! ती एवढं रुंद घेतच नाही. ती नुसती भिंत घेते."

"म्हणजे चांगल्या लेन्समध्ये डाग येत नाही."

"आत्ता कसं बोललात!" दिग्विजय खूश झाला. पहिल्यांदाच म्हाताऱ्याच्या डोक्यात काही शिरलं होतं. "म्हणजे पन्नासचीच घेऊ ना?"

उस्तादांनी हातावरची टरफलं झटकली. 'कचरा' कागद पुढे ओढला आणि त्यातल्या भिंतीवर पालथा पंजा ठेवला. सगळी भिंत झाकली गेली. उरला कोपरा. विजेचा खांब, चहाच्या गाड्याची निळी ताडपत्री, आणि डाग.

"बघ."

"काय बघू? फोकसच नाही त्याला."

"बघ लेका."

दिग्विजयनं कागद डोळ्यांजवळ नेला. ठिपके दिसले. लापशी दिसली.

"काही नाही यात."

उस्ताद उठले. गुडघे वाजले. कागद घेऊन ते खोलीच्या पार पलीकडच्या टोकाला गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कागद छातीशी धरला, पंजा तसाच कागदातल्या भिंतीवर.

"आता तिथनं बघ."

दिग्विजयनं वैतागून मान वर केली…

आणि डाग उभा राहिला.

माणूस होता. खांबाला खेटून उभा. नाक नाही, डोळे नाहीत, तोंडाच्या जागी नुसता पिठाचा गोळा. पण डावा खांदा खाली आलेला होता. उजव्यापेक्षा वीतभर खाली. आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडताना त्या खांद्याला पैशाची कातडी पिशवी लटकलेली असली, की खांदा असा येतो. मग पिशवी काढली तरी तो वर जात नाही.

जत्रेत दिग्विजय कायम उजव्या खांद्यावर बसायचा. डाव्यावरून घसरायला व्हायचं.

 

"अण्णा…"

तो चटईवर बसला आणि कागद उपसू लागला. हा एक, खांबाशी. हा एक, हातात चहाचा ग्लास. ह्यात छत्री. ह्यात पाठमोरा, निघाल्यासारखा. आणि ह्यात… ह्यात त्यानं उन्हाला आड म्हणून कपाळावर हात धरला होता आणि तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. सरळ. त्याच्याभोवती लाल गोल होता. शेजारी दिग्विजयच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: डाग.

 

"तो रोज येतो?"

"रात्रीच्या वस्तीची गाडी सकाळी डेपोत येते. मग हा इथं येतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. जालिंदर मला चहा पाजतो."

"चहा…" दिग्विजयचा आवाज फाटला. "तुम्ही माझ्या बापाबरोबर चहा पिता? रोज? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तू लेन्सचं विचारलंस."

दिग्विजय ताडकन उठला. पायाखाली टरफलं चुरडली.

"आणि तो? त्याला काय धाड भरली? घरातनं हाकलताना तोंड होतं, आता जीभ झडली? रस्ता ओलांडायला काय तिकीट लागतं? एवढासा रस्ता! मी इथं उभा, तो तिथं उभा, आणि मी मूर्खासारखा त्याच्या अंगावरची जांभळी रेघ तपासतोय! तुम्ही म्हातारे सगळे एका माळेचे मणी. एक गप्प उभा राहतो, एक गप्प बसतो. आणि वर शहाणपण शिकवायला मोकळे. मरायचं कुणी? आम्ही!"

उस्तादांनी ऐकून घेतलं.

"खरं आहे," ते म्हणाले.

एवढं सरळ उत्तर त्यांनी आजवर कधी दिलं नव्हतं. 

…

बाहेर चहाच्या गाड्यावर स्टोव्हचा फरफर आवाज चालू होता. कुणीतरी ग्लास विसळत होतं.

"आज…" दिग्विजयनं विचारलं. "आज आहे?"

 उस्तादांनी दाराकडे पाहिलं.

दिग्विजयनं सवयीनं कॅमेरा उचलला. झूम लावलेलीच होती. उंबऱ्यावर जाऊन त्यानं डोळा लावला आणि लेन्स लांब ओढली, शेवटपर्यंत.

वीट. वीट. वीट. हात हलत होता, रस्ता उड्या मारत होता. परत वीट. खांब… खांब गेला. परत आणला. ताडपत्रीची निळी झालर. आणि मग एकदम सगळं खाकी झालं. एक बटण. बटणाचा तुटका दोरा, लोंबणारा. आईच्या मागे त्या शर्टाला बटण कोण लावणार होतं?

बटण वर-खाली होत होतं. आत श्वास चालू होता.

"थांबा," दिग्विजय पुटपुटला. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "थांबा, चेहरा घेतो. फोकस जातोय… एक मिनिट थांबा अण्णा…"

खाकी सरकलं. बटण गेलं. परत वीट. निघाला? चालला की काय? त्यानं लेन्स गरगर फिरवली, विटा पळाल्या, आभाळ आलं, विजेच्या तारा आल्या, माणूस येईना.

आणि काळोख झाला.

पार. काहीच नाही. 

मग वास आला, शेंगांच्या टरफलांचा. लेन्सच्या तोंडावर म्हाताऱ्याचा पंजा होता.

"उस्ताद! हात काढा!"

पंजा हलला नाही.

"तो जाईल हो! काढा ना हात! मला काही दिसत नाही!"

"मग हीच घे," दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या मिटलेल्या डोळ्यापाशी नेत उस्ताद म्हणाले. "सगळ्यात स्वस्त आहे."