पिठाचे दोन हात

एकदा मेक्सिको देशातल्या एका गावात एक वृद्ध चित्रकार राहत होता. चित्रकथा काढण्यात त्याचे सारे आयुष्य गेले होते, आणि नजर अधू झाल्यापासून तो एका तरुण शिष्येला ती विद्या शिकवत होता. शिष्या हुशार. तिने एक वीरांगना निर्माण केली होती, तिचे नाव नायेली. काळा शेला पाठीवर टाकून ती आकाशात झेपावे, कोसळता पूल एका हाताने तोलून धरी. पण सहा वर्षे ही बिचारी दुसऱ्याच एका वीराच्या पुस्तकात, पानाच्या कोपऱ्यात उभी होती. तो लढे आणि ही मागून "सांभाळून!" म्हणे.

शेवटी वाचकांचीच पत्रे येऊ लागली, की त्या मागच्या मुलीचे पुस्तक कुठे आहे? प्रकाशक पक्का व्यापारी. त्याने निरोप धाडला, "काढा तिचा पहिला अंक. गुरुवारी दुपारी येऊन पाने बघतो. पसंत पडली तर मालिका सुरू, नाहीतर ती आहे तिथेच बरी."

शिष्येने तहानभूक विसरून चोवीस पाने काढली. त्यात नदीचा पूर होता, वाहून जाणारी बाजारपेठ होती, छपरावर अडकलेली एक संतापलेली शेळीही होती. एकविसाव्या पानावर नायेली दमूनभागून घरी येते. घरी मिरेया असते. पाव भाजणारी, नायेलीची प्रेयसी. ती पिठाच्या हातांनीच नायेलीला मिठी मारते आणि काळ्या शेल्यावर दोन पांढरे पंजे उमटतात. शेवटच्या पानावर नायेली ते पंजे पाठीवर घेऊन पुन्हा आकाशात झेपावते. आता, ही मिरेया काही हवेतून आली नव्हती. शिष्येच्या स्वतःच्या घरीही पावाच्या भट्टीवर काम करणारी एक मुलगी चार वर्षे राहत होती. दूरच्या गावी असलेल्या आईला मात्र शिष्येने "भाडे वाटून घेणारी सोबतीण" एवढेच कळवले होते.

गुरुवारी सकाळी वृद्ध भिंग घेऊन पाने पाहायला बसला. शेळीपाशी तो खदखदून हसला. एकविसाव्या पानाशी थबकला. भिंग वरखाली करून त्याने बराच वेळ पाहिले, मग शांतपणे खोडरबर उचलले आणि मिठीची ती चौकट पार पुसून टाकली.

शिष्या किंचाळलीच. "मास्तर! अहो, हे काय केलंत? चार दिवस घालवले होते मी तिच्यावर!"

"चार दिवस घालवलेस, मग शाई का नाही लावलीस?" वृद्धाने विचारले. "पूर शाईने, पूल शाईने, शेळीसुद्धा शाईने. ही एकच चौकट पेन्सिलीत."

शिष्येने मान खाली घातली. "साहेबांना खटकली तर पटकन पुसता यावी म्हणून."

"मग मी वेगळं काय केलं? त्यांचे कष्ट वाचवले." वृद्ध हसला, पण लगेच त्याचा स्वर मऊ झाला. "पोरी, त्या माणसाने अजून जिनाही चढलेला नाही, आणि तू त्याचा नकार आधीच कागदावर मांडून ठेवलास. तो नाही म्हणाला तर म्हणू दे. तो त्याचा अधिकार. पण त्याच्या वतीने तू कशाला नाही म्हणतेस? नायेली पुराला भीत नाही, आणि तिला तू घरात शिरायला भ्यायला लावतेस!"

"पण मास्तर, मालिका हातची गेली तर? सहा वर्षं वाट पाहिली हो मी."

"जाईल कदाचित. वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण एवढ्या वर्षांनी तिला स्वतःचं पुस्तक मिळालं आणि त्यातही ती कोपऱ्यातच उभी राहिली, तर मिळवलं काय?"

शिष्येने डोळे पुसले आणि टाक शाईत बुडवला. आधीच्या चित्रात मिरेयाचा चेहरा शेल्याआड दडलेला होता. या वेळी तिने तो समोर काढला, नाकाच्या शेंड्यावरच्या पिठासकट. शेवटची रेघ ओढून होते तोच जिन्यावर पावले वाजली.

प्रकाशक घाम पुसत बसला आणि पाने उलटू लागला. एकविसाव्या पानावर त्याचा हात थांबला.

"हे असंच राहणार?" त्याने विचारले.

वृद्धाने तोंड उघडण्याआधीच शिष्या म्हणाली, "हो साहेब. शाई आहे. ओली आहे अजून, बोट लावू नका."

प्रकाशकाने तिच्याकडे पाहिले. उरलेली पाने उलटली, शेवटच्या पानावरचे पांढरे पंजे पाहिले, आणि पुन्हा मागे जाऊन मिरेयाचा चेहरा न्याहाळला. मग उठता उठता म्हणाला, "पुढच्या अंकात हिचं दुकान जरा मोठं काढ. पाव नीट दिसत नाहीत."

शिष्या घरी गेली आणि तिने आईला पत्र लिहिले. ते तिने आधी कच्चे लिहून पाहिले नाही. छापलेला पहिला अंक हाती आल्यावर दोन्ही एकाच पाकिटात घालून तिने टपालात टाकले.

पंधरा दिवसांनी आलेले उत्तर ती वृद्धाला वाचून दाखवू लागली. पहिले पानभर नुसता ओरडा होता. "चार वर्षं! आणि मला म्हणे भाडं वाटून घेणारी! मी काय खाणार होते तुला?" वाचताना शिष्येला हसू आणि रडू एकदमच येत होते. मग खाली, अगदी शेवटी, आईने लिहिले होते, "नाताळात दोघी या. भट्टी आहे, पीठ आहे. तिला म्हणावं, फक्त हात घेऊन ये."

वृद्धाने भिंग खाली ठेवले. "ती शेवटची ओळ पुन्हा वाच," तो म्हणाला.

शिष्येने पुन्हा वाचली.