ओल्या सारवणावरची पावलं

"गुरुजी, त्या दिवशी तुम्हाला माझं खरं वाटलं होतं का?"

शेलार गुरुजींनी अडकित्त्यात धरलेली सुपारी तशीच राहू दिली.

"कोणत्या दिवशी?"

"गेनूनं सारवण तुडवलं, त्या दिवशी."

गुरुजींनी सुपारी कातरली आणि तोंडात टाकली. दात चारच उरले होते, त्यामुळे उत्तराला वेळ लागणार हे उघड होतं.

विचारणारे भास्करराव सत्तरीचे होते. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले. आपला एकही निकाल वर फिरला नाही, हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगत. आज मात्र सांगितलं नव्हतं.

साठ वर्षांनी ते कासारआळीत आले होते. सकाळपासून त्यांनी आळी पालथी घातली. शाळेच्या जागी मोटारसायकलींचं दुकान झालं होतं. बांगड्यांची दुकानं दोनच उरली होती. आळीच्या टोकाला गुरुजींचं घर तेवढं जागच्या जागी होतं, आणि ओसरीवर खुद्द गुरुजी.

मग इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न चहाच्या आधीच बाहेर आला.

त्या शाळेत एक रीत होती. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी चौथीच्या मुलांनी वर्ग सारवायचा. मॉनिटरनं फक्त देखरेख करायची. भास्कर मॉनिटर. त्यानं शेणाला कधी हात लावला नव्हता. पण सोमवारी दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार होते, आणि शाबासकी दुसऱ्या कोणाला मिळालेली भास्करला खपत नसे. म्हणून बाकीची मुलं मैदानावर असताना त्यानं एकट्यानं वर्ग सारवला.

मुलं आली तेव्हा सारवणावर पावलं उमटलेली होती.

"कोणी तुडवलं?" गुरुजींनी विचारलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. भास्करनं गेनूकडे बोट दाखवलं.

गेनूनं मान खाली घातली. त्यानं घमेलं उचललं आणि सगळा वर्ग पुन्हा सारवला. त्या दिवसापासून मुलं त्याला रेडा म्हणू लागली. चौथीनंतर तो शाळेत दिसलाच नाही.

पावलं भास्करची होती. हे जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, अशी भास्कररावांची साठ वर्षं समजूत होती. अलीकडे मात्र ती समजूत त्यांना झोपू देत नव्हती.

"आठवतं ना गुरुजी?"

"आठवतं." गुरुजी थांबले. "पावलं आत जाणारी होती, की बाहेर येणारी?"

भास्करराव गोंधळले.

"ते... ते नाही आठवत."

"एवढे खून-दरोडे तपासलेस. हे नाही तपासलंस?"

भास्करराव हसले, पण हसू ओठांपाशीच राहिलं. गेनूचा उतरलेला चेहरा त्यांना अजून जसाच्या तसा दिसत होता. पावलं का उमटली, ती कुठून कुठे गेली, ते मात्र काही केल्या आठवेना. माणसाचं मन सोयीचं तेवढंच सांभाळून ठेवतं.

"गेनू असतो कुठे?" त्यांनी विषय बदलला.

"इथंच. पिठाची गिरणी आहे त्याची, आता मुलाबरोबर बघतो. येईलच एवढ्यात. शनिवार आहे."

"शनिवारी काय?"

गुरुजींनी पाठीमागच्या दाराकडे हात केला. आत एकच खोली होती. सगळ्या आळीत फरश्या आल्या, ही खोली मातीची राहिली होती.

"ही सारवायला येतो. पोरपणापासून. शाळा सुटली, शनिवार सुटला नाही. सारवून झालं की मी त्याला एक धडा शिकवायचो. आता माझे डोळे अधू झाले. आता तोच मला पेपर वाचून दाखवतो."

भास्कररावांनी खोलीतल्या जमिनीकडे पाहिलं.

"त्याला... माहीत आहे का?"

"काय?"

 हजारो साक्षीदारांना भास्कररावांनी शपथेवर बोलायला लावलं होतं. स्वतःच्या वेळेला जीभ टाळ्याला चिकटली.

एकाएकी ते उठले. बाह्या वर केल्या.

"गुरुजी, आज मी सारवतो. गेनू यायच्या आत."

"तू?"

"का? सारवायला काय मोठी अक्कल लागते?"

 गुरुजींनी ओसरीच्या कोपऱ्यातल्या घमेल्याकडे फक्त बोट दाखवलं. शेण कालवून तयार होतं.

भास्कररावांनी धोतराचा काचा मारला आणि खोलीच्या दाराशी, आतल्या बाजूला गुडघे टेकले. पहिला हात फिरवला, तसा तो ओला वास थेट चौथीच्या वर्गातून आला. त्यांना भरून आलं. हे आपण फार आधी करायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

हात फिरत होता. डोक्यात गुरुजींचा प्रश्न फिरत होता. आत जाणारी, की बाहेर येणारी?

दार दूर राहिलं. खिडकी दूर राहिली. घमेलं मागे ओढत, हात मारत, ते आत आत गेले. काम सुरेख होत होतं. कंबर मोडली तरी ते थांबले नाहीत.

ओसरीवर गुरुजी बघत होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं... आणि मिटलं.

शेवटचा हात मारून भास्करराव उठले तेव्हा त्यांची पाठ कोपऱ्याला लागली होती. समोर खोलीभर ओलं सारवण होतं. त्याच्या पलीकडे, पार तिकडे, दार.

दारात एक म्हातारा उभा होता. डोक्याला मुंडासं, भुवयांत गिरणीचं पीठ. भास्कररावांनी त्याला लगेच ओळखलं. चेहरा तोच होता, फक्त उतरलेला नव्हता.

गेनूनं एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा कोपऱ्याकडे. मग तो पोट धरून हसायला लागला.

"दारापास्नं सारवत गेलासा व्हय? अवो, कोपऱ्यापास्नं माघारी सारवत यायाचं आसतंय! म्हंजी शेवटाला मानूस भायेर निघतंय."

भास्कररावांचे हात कोपरापर्यंत भरले होते.  त्यांना चौथीचा वर्ग आठवला, असाच कोपरा आठवला, आणि पावलंही आठवली. सगळी बाहेर येणारी; आत जाणारं त्यांत एकही नव्हतं.

त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी शांतपणे दुसरी सुपारी शोधत होते.

"गुरुजी..." त्यांचा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा निघाला. "आता मी बाहेर कसा येऊ?"

गुरुजींनी अडकित्ता उचलला.

"त्या दिवशी आलास तसाच ये. मागून सारवायला गेनू आहेच की."