आवाज कुणाचा

त्या मुलखात जखमेचा वास आला की दात पुढे येत. दुखणाइताला आधी त्याचे सोयरेच फाडत, म्हणून दुखणे कुणी सांगत नसे. लांडग्यांच्या माद्यांना शेपटीखाली फोड होई. तो चाटून स्वच्छ ठेवला तर बरा होई. पण चाटताना कुणी पाहील या भीतीने त्या शेपटी आवळून हिंडत आणि तशाच मरत.

मुलखाच्या मधोमध एक कडा होता. त्याच्यापुढे बोललेला शब्द कधी विरत नसे. वारा सुटला की साऱ्या रानाला पुन्हा ऐकू येई. बरी झालेली एखादी मादी तिथे बोलली तर बाकीच्या वाचतील, असे एका साळुंकीला वाटे. ती झुडपाझुडपाशी जाऊन माद्यांना विनवी. एकीने तिचा पंख फाडला. दुसरीने तिचे पिल्लू चावून थुंकले. ती तरीही हिंडत राहिली.

अखेर ओढ्याकाठी एक म्हातारी लांडगी भेटली. तिच्या तीन बहिणी त्याच फोडाने गेल्या होत्या. ती चोरून चाटत वाचली होती.

"मावशी, नाव सांगायचं नाही. ठिकाणही नाही. फक्त बोलायचं."

"आम्हाला नावं असतात कुठं गं?"

"मग तर बरंच! कुणाला कळायचंच नाही."

"आणि आवाज?"

साळुंकी हसली. ती दहा जणांचे आवाज काढी. तिच्या लेखी आवाज म्हणजे कुणीही उचलावे असे वाटेत पडलेले पीस. "आवाज का कुणा एकाचा असतो, मावशी?"

"भाबडी आहेस," लांडगी म्हणाली. "चल."

कड्यापुढे तिने सगळे सांगितले: ठणका कुठे लागतो, पू कसा येतो, कसे चाटायचे.

वारा सुटला आणि कळपाने कान टवकारले. लांडग्यांत आवाज हेच नाव होते. साळुंकीला ते तेव्हा कळले. म्हातारीचाच आवाज काढत ती फाटक्या पंखाने दुसऱ्या दिशेला उडाली. कळप वळला, पण थोडाच वेळ. भर दुपारी, कड्याच्या पायथ्याशी त्यांनी म्हातारीचे पोट फाडले.

पुन्हा वारा आला. "घाबरू नका गं," कडा म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ चाटा."

कळप कड्यावर तुटून पडला. सुळे मोडले, जबडे फुटले. कडा बोलतच राहिला. शेवटी लंगडत, रक्त ओकत सगळे पांगले.

एक तरुण मादी मागे राहिली. तिने ओठांवरचे रक्त गवताला पुसले, पुन्हा पुसले. मग शेपटी बाजूला करून मान मागे वळवली.